‘संरक्षक’ ते ‘आयोग’ : ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींच्या सरकारी खात्याची हकिगत

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही जणांना नवल वाटलं असेल. ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, फार तर कांगारू. पण आता आपल्या वस्त्यांतली पोरं तिकडं शिकायला, नोकरीला जाऊ लागली आहेत. ती फोनवर सांगतात, की तिथं शाळेचा कार्यक्रम असो नाहीतर ऑफिसची सभा, सुरुवातीला कोणीतरी उभं राहून म्हणतं की आपण ज्या जमिनीवर जमलो आहोत ती अमुक लोकांची आहे, त्यांच्या वाडवडिलांना आमचा मान. ऐकून बरं वाटतं. पण लगेच दुसरा प्रश्न मनात येतो. जमीन त्यांची, तर कारभार कोणाचा? त्यांच्या नावाने जे सरकारी खातं चालतं, त्यात सही कोणाची?

माझी सारी नोकरी सरकारी कचेरीत टेबलामागे गेली. आवक-जावक, टिपणी, शेरा, मंजुरी यातच केस पांढरे झाले. त्यामुळे मला एक सवय लागली आहे. खात्याचं नाव कितीही गोड असो, मी आधी बघतो की कागदावर शेवटची सही कोण करतो, आणि ज्याचं काम आहे तो माणूस टेबलाच्या कुठल्या बाजूला उभा आहे. त्याच नजरेने ही हकिगत सांगणार आहे.

आधी त्या लोकांविषयी दोन शब्द. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचे आणि टास्मानियातले ते ॲबोरिजिनल, आणि उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे ते टॉरेस स्ट्रेट आयलंडर. हे दोन वेगळे समाज आहेत, आणि ॲबोरिजिनल म्हणजेही एकच जमात नव्हे. इंग्रज आले तेव्हा त्यांच्यात अडीचशेच्या वर भाषा बोलल्या जात होत्या. पन्नास हजार वर्षांहून जास्त काळ ही माणसं त्या भूमीवर राहत आली. २६ जानेवारी १७८८ ला इंग्रजांच्या जहाजांनी सिडनीला नांगर टाकला आणि ही जमीन कोणाच्याच मालकीची नाही असं गृहीत धरून कारभार सुरू केला. माणसं समोर उभी होती, तरी जमीन रिकामी! २०२१ च्या जनगणनेत या दोन्ही समाजांच्या लोकांची संख्या ८ लाख १२ हजारांच्या वर भरली, म्हणजे देशाच्या लोकसंख्येत शंभरात तीनच्या आसपास.

आता खात्याकडे येऊ. या खात्याचा पहिला अवतार ‘संरक्षक’ या नावाने आला. १८३८ साली लंडनच्या सरकारने आजच्या व्हिक्टोरिया राज्याच्या भागासाठी एक मुख्य संरक्षक नेमला, जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन, आणि त्याच्या हाताखाली चार सहायक. संरक्षण कोणापासून? मेंढ्या घेऊन जमीन बळकावत पुढं सरकणाऱ्या गोऱ्या वसाहतवाल्यांपासून. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्समध्ये मायल क्रीक इथं किमान अठ्ठावीस निःशस्त्र माणसं, त्यात बायका आणि लेकरं, कापून काढली होती. म्हणजे नेमणुकीला कारण खरं होतं. पण ज्या सरकारने जमीन वाटून टाकली त्याच सरकारचा हा पहारेकरी. पाच माणसं आणि एवढा मोठा मुलूख! १८४९ मध्ये ते खातं गुंडाळलं.

पुढचं प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सावकाश सांगतो. मेलबर्नच्या ईशान्येला हील्सव्हिल नावाचं गाव आहे. १८६३ साली सायमन वोंगा आणि विल्यम बराक या दोन पुढाऱ्यांच्या मागे आपली माणसं डोंगर ओलांडून तिथं आली आणि त्यांनी कोरँडर्क नावाची वस्ती उभी केली. सरकारने जमीन राखून दिली, पुढं ती वाढून ४,८५० एकर झाली. या लोकांनी झाडं तोडली, घरं बांधली, भाजीपाला काढला, आणि हॉप्सची लागवड केली. हॉप्स म्हणजे बिअर कडू करायला जी फुलं लागतात ती. त्यांच्या हॉप्सला मेलबर्नच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. शाळा होती, कुटुंबं स्थिरावली होती. आणि हे सगळं त्यांनी आपल्या हाताने केलं होतं.

दरम्यान १८६९ साली व्हिक्टोरियाने कायदा करून ‘ॲबोरिजिनल संरक्षण बोर्ड’ बसवलं. या बोर्डाच्या हातात काय काय दिलं ते ऐका. कोणी कुठं राहायचं, कोणाकडे कोणत्या करारावर काम करायचं, मजुरीचे पैसे कोणाकडे जमा व्हायचे, आणि मुलं कोणाच्या ताब्यात राहायची. बोर्डात एकही ॲबोरिजिनल माणूस नाही. कोरँडर्क चांगलं चाललंय हे पाहिल्यावर आजूबाजूच्या जमीनदारांची नजर त्या जमिनीवर गेली, आणि बोर्डानेही ठरवलं की वस्ती हलवावी, जमीन सोडून द्यावी. वस्तीच्या बाजूने उभा राहणारा जॉन ग्रीन नावाचा व्यवस्थापक होता, त्याला १८७४ मध्ये जावं लागलं.

मग या लोकांनी काय केलं? अर्ज लिहिले. स्वतः लिहिले, सह्या केल्या, वर्तमानपत्रांकडे पाठवले. बराक आणि त्याचे साथीदार साठ-एक किलोमीटर पायी चालत मेलबर्नला जाऊन मंत्र्यांना भेटले. एकदा नव्हे, अनेकदा. १८८१ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, आणि तिच्यासमोर वस्तीतल्या माणसांनी, बायांनी स्वतः साक्षी दिल्या. रेशन पुरत नाही, मजुरी मिळत नाही, आणि आम्हाला आमचा कारभार आमचा आम्हाला करू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. १८८४ मध्ये जमीन कायमची राखीव झाली.

जिंकले असं वाटतं ना? दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, नवा कायदा आला. ज्यांच्या रक्तात गोऱ्यांचं मिश्रण आहे आणि ज्यांचं वय चौतीसच्या खाली आहे अशांना ॲबोरिजिनल समजायचं नाही, वस्तीतून बाहेर काढायचं. म्हणजे कष्टाची कामं करणारे, अर्ज लिहिणारे, तरुण हात बाहेर गेले. म्हातारे आत राहिले. भाऊ आत, बहीण बाहेर! मग बोर्डच म्हणायला मोकळं, की काम करायला माणसंच नाहीत. १९२४ मध्ये वस्ती बंद झाली. मी नोकरीत अनेक परिपत्रकं पाहिली, पण व्याख्या बदलून माणसं कमी करण्याचं इतकं सफाईदार काम क्वचितच पाहिलं.

पश्चिम ऑस्ट्रेलियाची गोष्ट पैशापासून सुरू होते. १८८९ साली त्या वसाहतीला स्वतःचं सरकार देताना लंडनने एक अट घातली. दरवर्षी ५ हजार पौंड, आणि महसूल ५ लाखांच्या वर गेला तर त्याचा शंभरावा हिस्सा, ॲबोरिजिनल लोकांसाठी बाजूला ठेवायचा, आणि तो खर्च वसाहतीच्या मंत्र्यांच्या नव्हे तर गव्हर्नरच्या हाताखालच्या बोर्डाने करायचा. पुढं सोनं सापडलं, महसूल फुगला, आणि शंभरातला एक रुपयासुद्धा त्या मंत्र्यांना खुपायला लागला. १८९७ मध्ये ते कलम काढून टाकलं आणि त्याजागी सरकारचं स्वतःचं खातं आलं.

त्या खात्याला १९०५ च्या कायद्याने जो अधिकार मिळाला तो ऐकून अंगावर काटा येतो. मुख्य संरक्षक हा सोळा वर्षांखालच्या प्रत्येक ॲबोरिजिनल मुलाचा कायदेशीर पालक. आई जिवंत आहे, बाप जिवंत आहे, तरी पालक साहेब! ॲबोरिजिनल बाईला बिगर ॲबोरिजिनल पुरुषाशी लग्न करायचं तर साहेबाची लेखी परवानगी. १९१५ पासून १९४० पर्यंत ए. ओ. नेव्हिल नावाचे गृहस्थ या खात्याचे प्रमुख होते, पंचवीस वर्षं एकच माणूस. घोंगडी, कपडे, प्रवास, लग्न, मूल, सगळ्याची फाईल त्यांच्या टेबलावर. १९२७ पासून १९५४ पर्यंत पर्थ शहराचा मधला भाग ॲबोरिजिनल लोकांना मनाईचा होता. आत यायचं तर पास हवा.

गोऱ्या रंगाकडे झुकलेली मुलं उचलून मूर रिव्हरसारख्या सरकारी वस्त्यांत न्यायची, त्यांना मोलकरणी आणि गडी म्हणून तयार करायचं, आणि काही पिढ्यांत हा समाज गोऱ्यांत विरघळून जाईल असं बघायचं, हे त्या खात्याचं उघड धोरण होतं. १९३१ मध्ये मॉली, डेझी आणि ग्रेसी या तीन मुली मूर रिव्हरहून पळाल्या आणि सशांना अडवण्यासाठी घातलेल्या लांबलचक कुंपणाच्या कडेने सुमारे १,६०० किलोमीटर पायी निघाल्या. मॉली चौदा वर्षांची, बाकीच्या दोघी तिच्याहून लहान. ग्रेसी वाटेत पकडली गेली, बाकीच्या दोघी घरी पोचल्या. यावर २००२ मध्ये सिनेमाही निघाला, आपल्या महिला मंडळाने तो जरूर बघावा. मुलं उचलण्याचं हे काम सगळ्या राज्यांत चाललं. १९९७ च्या सरकारी चौकशी अहवालाप्रमाणे १९१० ते १९७० या काळात दर तीन मुलांत एक ते दर दहा मुलांत एक, या दरम्यान मुलं घरापासून तोडली गेली.

क्वीन्सलँडमध्ये १८९७ चा कायदा होता. तिथं ‘संरक्षक’ म्हणजे बहुतेक ठिकाणी गावचा पोलीसच. मजुरी मजुराच्या हातात न देता संरक्षकाच्या ताब्यातल्या खात्यात. आपल्याच पैशातून कपडा घ्यायचा तर पोलिसापुढं उभं राहायचं, अंगठा द्यायचा. त्यातला पुष्कळ पैसा मजुरांच्या हाती कधी लागलाच नाही. शेवटी २०१९ मध्ये कोर्टातल्या दाव्यात क्वीन्सलँड सरकारला १९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड करावी लागली. तोवर मूळ मजूर बहुतेक मरून गेले होते.

आता न्यू साउथ वेल्स. तिथलं बोर्ड १८८३ चं, त्याचा कायदा १९०९ चा, आणि १९१५ च्या दुरुस्तीने कोर्टापुढं न जाता मूल उचलायचा अधिकार. पण इथं मला त्या बोर्डाविषयी कमी आणि त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांविषयी जास्त सांगायचंय. विल्यम कूपर नावाचे एक वयोवृद्ध पुढारी होते. त्यांनी राजाच्या नावाने अर्ज तयार केला आणि देशभर हिंडवून १,८१४ सह्या गोळा केल्या. मागणी अशी, की आमच्या समाजाचा एक प्रतिनिधी पार्लमेंटात असावा. १९३८ मध्ये मंत्रिमंडळाने तो अर्ज राजाकडे पाठवायचाच नाही असं ठरवलं. त्याच वर्षी २६ जानेवारीला, गोरे लोक आगमनाची दीडशे वर्षं साजरी करत होते तेव्हा, कूपर, विल्यम फर्ग्युसन आणि जॅक पॅटन यांनी सिडनीत ‘शोकदिन’ पाळला. (आणि हेच कूपर त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनीतल्या ज्यूंवरच्या अत्याचारांचा निषेध करायला मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर मोर्चा घेऊन गेले. स्वतःच्या घराला आग लागलेली असताना!) १९३९ च्या फेब्रुवारीत कमरागुंजा वस्तीतले दीडशेहून जास्त लोक व्यवस्थापकाच्या जाचाला कंटाळून घरदार सोडून मरे नदी ओलांडून पलीकडच्या राज्यात गेले.

याचा परिणाम एवढाच झाला, की १९४० मध्ये ‘संरक्षण बोर्डा’चं नाव ‘कल्याण बोर्ड’ झालं, आणि १९४३ च्या दुरुस्तीने त्यात दोन जागा ॲबोरिजिनल प्रतिनिधींना मिळाल्या. फक्त दोन! फर्ग्युसन त्या जागेवर बसले, पुढं १९५४ मध्ये पर्ल गिब्स या बाई निवडून आल्या, त्या बोर्डात बसलेल्या एकमेव ॲबोरिजिनल बाई. ज्यांनी कुठल्याही समितीत दोनाच्या संख्येने काम केलंय त्यांना सांगायला नको, की हात वर करून मोजणी झाली की काय होतं. १९६९ मध्ये ते बोर्ड बरखास्त झालं.

१९६७ च्या २७ मे ला देशभर सार्वमत झालं. पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं की त्याने ॲबोरिजिनल लोकांना मताचा हक्क मिळाला. तसं नाही. राष्ट्रीय निवडणुकीतल्या मताचा हक्क १९६२ मध्येच मिळाला होता. सार्वमताने दोन गोष्टी झाल्या : जनगणनेत त्यांना मोजायचं नाही हे राज्यघटनेतलं कलम गेलं, आणि त्यांच्यासाठी कायदे करायचा अधिकार राज्यांबरोबर केंद्रालाही मिळाला. शंभरात नव्वदहून जास्त लोकांनी ‘होय’ म्हटलं. मग पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट यांनी केंद्रात एक सल्लागार मंडळ नेमलं. तीन सदस्य : अर्थतज्ज्ञ कूम्ब्स, मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनर आणि परराष्ट्र खात्यातले डेक्स्टर. तिघे सज्जन, तिघे विद्वान, तिघेही गोरे. या तिघांनी जमिनीच्या हक्काचा विषय सरकारपुढं नेटाने लावून धरला, हे मान्य केलंच पाहिजे. पण ज्यांचा विषय त्यांना खुर्ची अजून नव्हतीच. १९७२ च्या २६ जानेवारीला चार तरुणांनी कॅनबेराला पार्लमेंटसमोरच्या हिरवळीवर एक छत्री रोवली आणि म्हणाले, आम्ही आमच्याच देशात परके आहोत, म्हणून ही आमची वकिलात. पुढं छत्रीचा तंबू झाला.

त्या वर्षाच्या अखेरीस व्हिटलम यांचं सरकार आलं आणि स्वतंत्र ‘ॲबोरिजिनल व्यवहार खातं’ निर्माण झालं. १९७३ मध्ये समाजाने मतदान करून एक्केचाळीस जणांचं राष्ट्रीय मंडळ निवडलं. पण ते केवळ सल्ला देणारं. सदस्य म्हणाले, आम्हाला पैशावर अधिकार द्या. सरकार म्हणालं, तुम्ही फक्त सल्ला द्या. १९७७ मध्ये ते मंडळ जाऊन दुसरं आलं, तेही १९८५ ला बंद. एक बदल मात्र मोठा झाला. १९८४ मध्ये चार्ल्स पर्किन्स त्या खात्याचे सचिव झाले. हे तेच पर्किन्स, ज्यांनी १९६५ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची बस घेऊन गावोगावी फिरून पोहण्याच्या तलावांवरची बंदी मोडली होती. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय खात्याचा पहिला ॲबोरिजिनल प्रमुख. सचिव झाले तरी बोलायचे तसेच, फटकळ. १९८८ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं.

आता मुख्य गोष्ट. मंत्री जेरी हँड यांनी १९८७ मध्ये योजना मांडली, की खातं आणि निवडून आलेलं मंडळ या दोन्ही गोष्टी एकत्र करायच्या. जो निवडून येईल तोच पैशाचा निर्णय करील. पार्लमेंटात भरपूर वाद झाला, विधेयकात नव्वदच्या वर दुरुस्त्या झाल्या, आणि ५ मार्च १९९० ला ‘ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर आयोग’ सुरू झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘ॲटसिक’ म्हणत. देशभर सुरुवातीला साठ प्रादेशिक परिषदा, पुढं त्यांची संख्या छत्तीसवर आणली. लोक परिषदेवर माणसं निवडणार, त्या माणसांतून आयोगाचे सदस्य येणार. पहिल्या अध्यक्ष होत्या लोवित्जा ओ’डोनोह्यू.

या बाईंची माहिती सांगितली पाहिजे. जन्म १९३२ चा, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आडरानात. दोन वर्षांच्या असताना आईपासून दूर, मिशनच्या होममध्ये ठेवलं गेलं. नावही बदलून लोइस केलं. नर्सिंगला अर्ज केला तर ॲडलेडच्या मोठ्या इस्पितळाने आधी नाकारलं. त्या भांडल्या, आणि १९५४ मध्ये तिथं दाखल झालेल्या पहिल्या ॲबोरिजिनल शिकाऊ परिचारिका ठरल्या. आईची भेट झाली तेव्हा मधे तीस-तेहतीस वर्षं गेली होती. हीच मुलगी १९९० मध्ये त्या खात्याच्या खुर्चीवर बसली. १९९२ च्या डिसेंबरात त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढं भाषण केलं. त्याच वर्षी ३ जूनला सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात ‘रिकामी जमीन’ हा सिद्धान्त फेटाळला होता. खटला लढणारे एडी माबो निकालाच्या काही महिने आधीच वारले. निकालानंतर पंतप्रधान कीटिंग यांच्याशी वाटाघाटीला बसणाऱ्यांत लोवित्जाबाई पुढं होत्या, आणि १९९३ चा जमीनहक्काचा कायदा झाला. मागोमाग जमीन विकत घेण्यासाठी निधी उभा राहिला. त्या व्यवस्थेतून १९९९ मध्ये कोरँडर्कची सुमारे दोनशे एकर जमीन बराकच्या वारसांकडे परत आली. ४,८५० मधले दोनशे. पण आली.

आता या आयोगाच्या हातात काय होतं ते हिशेबाच्या दृष्टीने पाहू. वर्षाला साधारण एक अब्ज डॉलर. आकडा मोठा दिसतो. पण त्यातला मोठा वाटा दोनच गोष्टींत आधीच बांधलेला : दुर्गम वस्त्यांतली रोजगार योजना, आणि घरं, पाणी, रस्ते. रोजगार योजनेवर तीस हजारांच्या वर माणसं होती. ही लोकं बेकारभत्त्याऐवजी तेवढ्याच पैशात गावचं काम करत. शिक्षण आयोगाकडे कधी नव्हतंच. आरोग्य होतं, तेही १९९५ मध्ये आरोग्य खात्याकडे गेलं. पोलीस, तुरुंग, शाळा हे सगळं राज्यांकडे. पण वस्तीत मूल आजारी पडलं, शाळा गळकी निघाली, की वर्तमानपत्रात मथळा यायचा, ‘आयोगाने काय केलं?’ लोकांनाही तसंच वाटायचं, कारण पाटी आयोगाची होती ना!

१९९६ मध्ये हॉवर्ड यांचं सरकार आलं. त्यांनी चार वर्षांत ४० कोटींहून जास्त डॉलरची कपात केली, आणि खास लेखापरीक्षक नेमला, ॲबोरिजिनल संस्था पैसे खातात हे दाखवायला. त्याने १,१२२ संस्था तपासल्या. सुमारे ९५ टक्के संस्था अनुदानाला योग्य निघाल्या. कुठल्याही खात्याची अशी झडती घ्या आणि शंभरात पंच्याण्णव पास होतात का ते मला कळवा! पण ‘पैसे खातात’ हा मथळा मोठा छापून झाला होता, ‘पास झाले’ ही बातमी आतल्या पानावर.

आयोगात सगळं आलबेल होतं असं मी म्हणणार नाही. मतदान ऐच्छिक होतं आणि पुष्कळ लोक मतदानाला येतच नसत. सदस्यांत बायका कमी. काही ठिकाणी ज्याचं घराणं मोठं त्याच्या वस्तीला अनुदान, अशा तक्रारी होत्या, आणि त्या सगळ्या खोट्या नव्हत्या. शेवटच्या काळात अध्यक्ष कोर्टकचेरीत अडकले, २००३ मध्ये निलंबित झाले. ही आपल्या माणसांची चूक होती असं तिकडचे कितीतरी कार्यकर्ते स्वतःच म्हणत होते. पण औषध काय? सरकारनेच नेमलेल्या तीन जणांच्या समितीने २००३ च्या नोव्हेंबरात अहवाल दिला, की आयोग ठेवा, दुरुस्त करा, आणि अधिकार खाली प्रादेशिक परिषदांकडे द्या. २००४ च्या मार्चअखेर विरोधी पक्षाचे नेते लेथम यांनी जाहीर केलं, आम्ही आलो तर आयोग बंद करू. पंधरा दिवसांत पंतप्रधान हॉवर्ड म्हणाले, आम्ही आत्ताच करतो. सत्ताधारी आणि विरोधक एका सुरात! २००५ च्या मार्चमध्ये आयोग संपला, ३० जूनला प्रादेशिक परिषदा संपल्या. टॉरेस सामुद्रधुनीची वेगळी संस्था १९९४ पासून होती, ती तेवढी वाचली.

इथं मला सरळ बोलायचंय. दीडशे वर्षं संरक्षकांनी मुलं उचलली, मजुरी दाबून ठेवली, वस्त्या मोडल्या. त्यापायी ‘हे काम गोऱ्या साहेबांना जमत नाही, त्यांच्या हातून काढून घ्या’ असं कुठल्या पार्लमेंटने कधी म्हटलं? समाजाच्या स्वतःच्या माणसांना मात्र पंधरा वर्षं मिळाली, तीही अर्ध्या किल्ल्या देऊन. आणि निकाल पंधरवड्यात.

पुढं काय झालं तेही सांगतो. सरकारने आधी स्वतः निवडलेल्या माणसांचं सल्लागार मंडळ नेमलं. २००७ च्या जूनमध्ये उत्तरेकडच्या प्रांतातल्या वस्त्यांत मुलांच्या सुरक्षेचं कारण देऊन केंद्र सरकार थेट उतरलं, वंशभेदविरोधी कायदा तिथल्यापुरता बाजूला ठेवला, आणि तिथल्या लोकांच्या सरकारी भत्त्यातला अर्धा पैसा सरकार ठरवील त्याच वस्तूंवर खर्च करायची सक्ती केली. पुढं त्यासाठी कार्ड आलं. मुलांच्या हालाची कारणं खरी होती, त्याकडे डोळेझाक करता येत नाही. पण क्वीन्सलँडच्या पोलिसापुढं अंगठा देणारी आजी कोणाची तरी अजून जिवंत असेल, तिला ते कार्ड बघून काय वाटलं असेल? १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान रड यांनी तोडलेल्या मुलांची पार्लमेंटात माफी मागितली. कार्ड मात्र चालूच राहिलं. २०१० मध्ये समाजाची एक राष्ट्रीय काँग्रेस उभी राहिली, सरकारने तिचा पैसा बंद केला, २०१९ मध्ये ती मिटली. त्याच वर्षी १ जुलैला पंतप्रधानांच्या अखत्यारीत ‘राष्ट्रीय इंडिजिनस एजन्सी’ सुरू झाली. ती अधिकाऱ्यांची आहे. तिथं मतपेटी नाही.

२०१७ मध्ये उलुरू या ठिकाणी समाजाचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी मागितलं, की आमचं सल्लागार मंडळ राज्यघटनेतच लिहा, म्हणजे कुठल्याही पंतप्रधानाला ते एका सहीने मोडता येणार नाही. ॲटसिकचा धडा होता तो. मागणीही केवढी लहान! सल्ला द्यायची. १४ ऑक्टोबर २०२३ ला त्यावर सार्वमत झालं. सहाही राज्यांनी ‘नाही’ म्हटलं, शंभरात साठ लोकांनी. चार महिन्यांनी, ४ फेब्रुवारी २०२४ ला, लोवित्जाबाई गेल्या. त्यांचं वय ९१ होतं.

त्यानंतर राज्याराज्यांत थोडं काही चाललं. दक्षिण ऑस्ट्रेलियाने आपल्यापुरता कायदा केला आणि २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या समाजाने आपले प्रतिनिधी निवडले. व्हिक्टोरियात, म्हणजे कोरँडर्कच्या राज्यात, समाजाची निवडून आलेली सभा २०१९ पासून काम करत होती. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर तिथल्या विधिमंडळाने करार कायदा मंजूर केला, आणि त्यात त्या सभेला कायमचं स्थान दिलं, मंत्र्यांना प्रश्न विचारायचा अधिकार दिला. कायदा मंजूर होत होता तेव्हाच तिथल्या विरोधी पक्षाने सांगून ठेवलं होतं, की आम्ही सत्तेवर आलो तर तो रद्द करू.